मॉनिटरचा बेस रोज वेगळा वाटतो? फिल्टरला हात लावण्याआधी लेव्हल बांधा

तक्रार साधारण अशी असते. रात्री मिक्स छान बसलेलं असतं, सकाळी तेच ऐकलं तर बेस फुगलेला. मग मॉनिटरच्या, म्हणजे मिक्स करताना ऐकायच्या स्टुडिओ स्पीकरच्या, मागचा रूम कंट्रोल (बेस कमी करणारा स्विच) −२ वर जातो. चार दिवस बरं वाटतं, पुढे सगळं पातळ वाटायला लागतं आणि स्विच परत शून्यावर येतो. मध्येच कुणीतरी ट्रेबल थोडा चढवतं. काही दिवसांनी पाहावं तर डावा आणि उजवा मॉनिटर वेगवेगळ्या सेटिंगवर असतात, आणि हे कधी झालं ते कुणालाच आठवत नाही. तयार झालेलं गाणं मात्र गाडीत आणि फोनवर दर वेळी वेगळंच वाजतं.

यात मॉनिटर बिघडलेला असण्याची शक्यता फार कमी. फिल्टर, म्हणजे मागचे हे बेस-ट्रेबलचे स्विच, ठरवला तेव्हा आवाज किती मोठा होता याची नोंद नसते, आणि दुखणं परत येतं ते त्यामुळे. आपला कान बेस सगळ्या पातळ्यांवर सारखा ऐकत नाही. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं. आज त्याच धर्तीचे आलेख आयएसओ २२६ या मानकात आहेत. त्यांच्याप्रमाणे १ किलोहर्ट्झचा ४० डीबीचा स्वर जितका मोठा वाटतो, तितकाच मोठा वाटायला ५० हर्ट्झच्या स्वराला सुमारे ७८ डीबी लागतात. ८० डीबीच्या स्वराशी बरोबरी करायला मात्र सुमारे १०२ पुरतात. म्हणजे हळू ऐकताना त्या खालच्या स्वराला ३८ डीबीची जादा मदत लागते, मोठ्याने ऐकताना २२ ची. मागच्या स्विचवर आपल्या हातात असतात दोन किंवा चार डीबी. रात्री शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून नॉब खाली आणला, तर तेवढ्यानेच कानातला बेस त्या स्विचच्या आवाक्याबाहेर सरकतो.

म्हणून क्रम ठरलेला: आधी लेव्हल (आवाजाची पातळी), नंतर फिल्टर. उलट केलंत तर महिनाभराने पुन्हा मॉनिटरच्या मागे वाकून बसाल.

आवाज कुठे कुठे कमी-जास्त होतो ते आधी बघा

संगणकापासून कानापर्यंतच्या वाटेवर लेव्हल बदलणाऱ्या जागा निदान पाच असतात. रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरचा मास्टर फेडर, ऑपरेटिंग सिस्टिमचा व्हॉल्यूम, ऑडिओ इंटरफेसचं (संगणकाचा आवाज मॉनिटरकडे पाठवणाऱ्या पेटीचं) स्वतःचं मिक्सर सॉफ्टवेअर, इंटरफेसवरचा किंवा मॉनिटर कंट्रोलरवरचा मोठा नॉब, आणि मॉनिटरच्या पाठीवरचा ट्रिम (लेव्हलचा छोटा नॉब). रोज हलवायची जागा यातली एकच असावी, आणि ती मोठा नॉब. पहिल्या तिन्ही जागा शून्य डीबीवर ठेवा आणि विसरून जा. बहुतेक कटकटी इंटरफेसच्या मिक्सर सॉफ्टवेअरमध्ये निघतात, कारण ती खिडकी महिनोन्महिने कुणी उघडत नाही आणि तिथे एखादा फेडर −१२ वर निवांत पडलेला असतो.

इनपुट सेन्सिटिव्हिटीच्या स्विचवर बरेच जण फसतात. त्यावर +४ डीबीयू आणि −१० डीबीव्ही असं लिहिलेलं असतं. +४ डीबीयू म्हणजे १.२३ व्होल्ट, −१० डीबीव्ही म्हणजे ०.३१६ व्होल्ट, दोन्हींत जवळपास १२ डीबीचा फरक. −१० हा आकडा पाहून वाटतं की इकडे लावलं तर आवाज कमी होईल. होतं उलटं. त्या सेटिंगवर मॉनिटर कमी व्होल्टेजच्या सिग्नलची वाट पाहत असतो, त्यामुळे इंटरफेसचा भक्कम सिग्नल मिळाला की तो १२ डीबी जास्त जोरात वाजतो. गोंधळ वाढवायला काही मॉनिटरवर नुसतं ‘−१० डीबी’ लिहिलेलं असतं, आणि तिथे मात्र आवाज खरोखरच कमी होतो. शेवटचं ‘व्ही’ अक्षर आहे की नाही ते टॉर्च लावून बघा. बॅलन्स्ड (दोन सिग्नल तारांचं) आउटपुट असलेल्या इंटरफेसला +४ हीच बाजू योग्य.

लेव्हल बांधणे

पिंक नॉइजची (चाचणीसाठीच्या सलग खळखळाटाची) फाइल लागेल, आरएमएस −२० डीबीएफएसची, म्हणजे सरासरी पातळी डिजिटल कमाल मर्यादेच्या २० डीबी खाली असलेली. सॉफ्टवेअरमधले काही मीटर साइन वेव्हला (एका शुद्ध स्वराला) संदर्भ धरतात आणि तीच फाइल ३ डीबीने वर दाखवतात. कुठलाही मीटर चालेल, पण एकदा धरलेला सोडू नका. ध्वनिपातळी मोजायचं यंत्र असेल तर उत्तम; ते ‘सी वेटिंग’ आणि ‘स्लो’ या सेटिंगवर ठेवा. फोनवरच्या ॲपचा आकडा खरा असेलच असं नाही, पण डावं-उजवं जुळवायला आणि पुढच्या महिन्यात तीच पातळी परत मिळवायला तोच फोन तितकाच कामाचा. इथे अचूकतेपेक्षा सातत्याला किंमत जास्त.

दोन्ही मॉनिटरचे ट्रिम पूर्ण खाली करा. मोठा नॉब घड्याळातल्या एक ते दोनच्या दिशेला आणा आणि तिथेच राहू द्या. ध्वनिपातळीचं यंत्र किंवा फोन कानाच्या उंचीवर, डोकं जिथे असतं त्या जागी धरा. शक्य असेल तर स्टँडवर लावून स्वतः बाजूला व्हा, कारण माणसाचं अंगही आवाज परतवतं. नॉइज फक्त डाव्या बाजूला वाजवा आणि डाव्याचा ट्रिम हळूहळू चढवत ठरवलेल्या आकड्यावर आणा. मग फक्त उजवा. दोन्ही बाजूंना वेगवेगळा नॉइज असेल तर एकत्र वाजवल्यावर आकडा ३ डीबीने वाढेल. दोन्हीकडे तोच नॉइज असेल तर अगदी मधोमध त्याहून जास्त वाढलेला दिसेल. तो पाहून ट्रिम परत खाली आणू नका, जुळवणी एकेका बाजूचीच धरायची.

आकडा कुठला? सिनेमाच्या मोठ्या मिक्सिंग थिएटरात दर बाजूला ८५ डीबी धरतात. मास्टरिंग इंजिनिअर बॉब कॅट्झ यांच्या के-सिस्टिम या लेव्हल बांधायच्या पद्धतीत तो ८३ आहे. या दोन्ही पातळ्या मोठ्या जागेतल्या. दहा-बारा फुटांच्या खोलीत, मॉनिटर हाताच्या अंतरावर असताना ८५ डीबी म्हणजे अर्ध्या तासात डोकं उठतं. अशा खोलीत ७३ ते ७६ मध्ये स्थिरावणं मला पटतं. त्याहून खाली गेलात तर वर सांगितलेला बेसचा खेळ सुरू होतो. आकडा मिळाला की नॉबच्या त्या जागेवर पांढऱ्या टेपचा बारीक तुकडा लावा. रात्री हळू ऐका, हरकत नाही; पण बेसबद्दलचा कुठलाही निर्णय टेपच्या खुणेवरच घ्यायचा, आणि फिल्टरला हात लावायचा तोही तिथेच.

दोन्ही ट्रिमवरच्या खुणा सारख्या दिसल्या म्हणून लेव्हल सारखी आहे असं धरू नका. पोटेन्शिओमीटरमध्ये दोन-एक डीबी इकडेतिकडे असणं नेहमीचं आहे. मीटर सारखा हवा, खुणा वेगळ्या दिसल्या तरी चालतील. फरक ६ डीबीच्या आसपास असेल तर मात्र ट्रिम फिरवू नका. बॅलन्स्ड केबलच्या दोन सिग्नल तारांपैकी एक तुटली किंवा जॅक अर्धवट बसला की लेव्हल बहुधा ६ डीबीच पडते. डाव्या-उजव्या केबलची अदलाबदल करा. फरक केबलसोबत दुसऱ्या बाजूला गेला तर गुन्हेगार सापडला. ट्रिमने हा फरक झाकला तर केबल बदलल्या दिवशी दुसरी बाजू अंगावर येते.

फसफस, झोपणारे मॉनिटर, एका बाजूला झुकणारा आवाज

या तीन वेगळ्या तक्रारी वाटतात, पण बरेचदा कारण एकच असतं: ट्रिम पूर्ण वर आणि मोठा नॉब जवळपास बंद. नवीन मॉनिटर जोडताना ट्रिम जिथे होता तिथेच राहतो, आवाज फार मोठा येतो, मग आयुष्यभर नॉब आठच्या काट्यावर.

नॉब ॲनालॉग असेल तर एकाच दांड्यावर दोन पोटेन्शिओमीटर असतात, एक डाव्याचं, एक उजव्याचं. अगदी खालच्या टोकाला ती दोन्ही नीट जुळत नाहीत. मोनो आवाज वाजवून नॉब हळूहळू खाली आणा. मध्यभागी असलेला आवाज शेवटी शेवटी एका बाजूला सरकत असेल तर दोष त्या टोकाचा आहे. ट्रिम १०-१५ डीबी खाली आणून नॉब वर घेतला की तो भाग वापरातूनच जातो.

फसफशीचं तसंच. इंटरफेसच्या आउटपुटचा स्वतःचा नॉइज ट्रिममधून वाढून बाहेर पडतो. नॉब आणि ट्रिम शून्यावर नेऊन मॉनिटर बंद करा, केबल काढा, परत सुरू करून ट्रिम मूळ जागी आणा. फसफस गेली तर ती इंटरफेसकडून येत होती. तशीच राहिली तर मॉनिटरच्या ॲम्प्लिफायरची आहे, आणि ट्वीटरला (वरच्या स्वरांच्या छोट्या स्पीकरला) कान लावल्यावर ती जवळपास प्रत्येक मॉनिटरमध्ये ऐकू येते. बसायच्या जागेवरून ऐकू येत नसेल तर सोडून द्या.

झोपणारे मॉनिटर ही अलीकडची भानगड. युरोपच्या इकोडिझाइन नियमांनी २०१३ पासून स्टँडबायची वीज अर्ध्या वॅटवर आणली. तेव्हापासून अनेक मॉनिटर काही वेळ सिग्नल मिळाला नाही की आपोआप झोपतात. ट्रिम वर आणि नॉब खाली असेल तर मॉनिटरपर्यंत पोचणारा सिग्नल इतका बारीक असतो की त्याला तो सिग्नल वाटतच नाही, आणि शांत गाणं चालू असताना एक बाजू गप्प होते. लोक केबल बदलतात, फ्यूज बघतात. मागे ऑटो स्टँडबायचा स्विच असेल तर तो बंद करा. नसेल तर ट्रिम खाली, नॉब वर.

घूं असा खालच्या सुरातला आवाज म्हणजे वेगळं प्रकरण. तो विजेच्या ५० किंवा ६० हर्ट्झच्या पटीतला असतो आणि ग्राउंड लूपमधून, म्हणजे उपकरणं एकाहून जास्त वाटांनी अर्थिंगला जोडली गेल्यामुळे, येतो. बॅलन्स्ड केबल, सगळी उपकरणं एकाच बोर्डवर, आणि तरीही राहिला तर ऑडिओच्या वाटेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. प्लगची अर्थिंगची पिन काढून हा आवाज जातो हे खरं, पण ते करू नका. त्यात जीव जाऊ शकतो. लो कट (खालचे स्वर कापणारा) फिल्टर लावून घूं दाबणं हाही उपाय नव्हे, कारण त्याच्यासोबत किक आणि बेस गिटारही दाबली जाते.

आता फिल्टर

सगळे स्विच सपाट करा, दोन्ही मॉनिटरचे. नॉब टेपच्या खुणेवर. मग ओळखीची दोन-तीन गाणी लावा, आपली नव्हे, दुसऱ्यांची.

बेस जास्त वाटतोय? आधी खुर्ची हातभर पुढे-मागे करा. तेवढ्याने बेस भरपूर बदलत असेल तर तो खोलीचा खेळ आहे आणि मागचा स्विच त्याला पुरा पडणार नाही. खोलीच्या लांबीप्रमाणे काही वारंवारता जागच्या जागी उभ्या राहतात: ४ मीटर लांबीला पहिली ४३ हर्ट्झची. खोलीच्या बरोबर मध्यावर बसलात तर ती जवळपास गायब, मागच्या भिंतीला टेकलात तर दुप्पट. कुणी ‘बेस कमी आहे’ म्हणतं आणि त्याच्या मागे बसलेला ‘फार आहे’ म्हणतो, दोघेही खरं बोलत असतात.

बेस सगळ्या जागांवर सारखाच जड वाटत असेल तर मात्र रूम कंट्रोल किंवा बेस टिल्ट नावाच्या स्विचचं काम आहे. मॉनिटर भिंतीजवळ असला की खालचे स्वर मागे जाऊन परततात आणि पुढच्या आवाजात मिसळतात; एका भिंतीने ही वाढ ६ डीबीपर्यंत जाऊ शकते, कोपऱ्यात त्याहून पुढे. तेवढ्यासाठीच −२ आणि −४ च्या पायऱ्या दिलेल्या असतात. −२ पासून सुरुवात करा आणि निदान दिवसभर तिथेच ठेवून ऐका.

हा फिल्टर फुगवटा कमी करतो, खड्डा भरत नाही. भिंतीवरून परतलेला आवाज एका ठरावीक वारंवारतेला बरोबर उलटा येतो आणि मूळ आवाज खाऊन टाकतो. हिशेब सोपा आहे: ३४४ ला मॉनिटरच्या दर्शनी बाजूपासून भिंतीपर्यंतच्या अंतराच्या चौपटीने भागा. १ मीटरला ८६ हर्ट्झ, ६० सेंटिमीटरला १४३, ३० सेंटिमीटरला सुमारे २८७. त्या जागी ईक्यूने (ठरावीक वारंवारता कमी-जास्त करणाऱ्या इक्वलायझरने) ६ डीबी चढवलेत तर परतणारा आवाजही ६ डीबीने चढतो, खड्डा जिथल्या तिथे राहतो, आणि ॲम्प्लिफायरला मात्र चौपट ताकद लावावी लागते. क्लिपचा दिवा लागतो, बेस काही वाढत नाही. भोक पडलेल्या बादलीत नळ मोठा सोडण्यासारखं आहे ते. मॉनिटर भिंतीच्या अगदी जवळ सरकवा, म्हणजे तो खड्डा वरच्या वारंवारतांकडे जातो. तिथे मॉनिटर मागच्या दिशेला फारसा आवाज टाकत नाही आणि जाड शोषक पॅनलही काम करतं. मग वाढलेला बेस −४ ने उतरवा. हे ऐकायला उलटं वाटतं, पण छोट्या खोलीत याने बऱ्याच वेळा प्रश्न सुटतो.

आवाज कोंदट, पुरुषी गळा छातीत अडकल्यासारखा वाटत असेल तर टेबलाकडे बघा. टेबलाच्या पृष्ठभागावरून होणारी वाढ १६० हर्ट्झच्या आसपास पडते. काही मॉनिटरवर नेमकी तिथेच ४ डीबी कमी करणारी डेस्कटॉप सेटिंग असते. स्टँडवर ठेवलेल्या मॉनिटरला ती लावू नका.

ट्रेबलच्या स्विचबद्दल थोडक्यात: तो सहसा शून्यावरच बरा. वरचा आवाज बोचत किंवा मंद वाटत असेल तर बहुधा ट्वीटर कानाच्या रेषेत नसतो, किंवा जागा वाचवायला मॉनिटर आडवा झोपवलेला असतो. आडव्या मॉनिटरमध्ये डोकं जरा हललं की वूफर आणि ट्वीटरचा मेळ बिघडतो, आणि ते दुरुस्त करणारा स्विच अजून कुणी बनवलेला नाही.

सबवूफर असेल तर लो कट किती जागी लागलाय ते मोजा

मागचा ८० हर्ट्झचा लो कट फक्त सबवूफर असतानाच लावायचा. सब विकून टाकला आणि स्विच तसाच राहिला, असे सेटअप मी बरेच पाहिलेत. मिक्स करणारा बेस ऐकू येत नाही म्हणून चढवत राहतो आणि गाडीत काचा थरथरतात.

सब असतानाची चूक उलटी असते: कट दोनदा किंवा तीनदा लागतो. सबमधून मॉनिटरकडे जाणाऱ्या आउटपुटमध्ये एक, मॉनिटरच्या मागे दुसरा, इंटरफेसच्या बेस मॅनेजमेंटमध्ये तिसरा. १२ डीबी प्रति ऑक्टेव्हचा नेहमीचा फिल्टर ८० हर्ट्झवर ३ डीबी आणि ४० वर सुमारे १२ डीबी कमी करतो. दोन लागले तर ६ आणि २४. जोडावर खड्डा पडतो, तो भरायला सब चढवला जातो, आणि ५० च्या खाली गडगडाट सुरू होतो. ८० चा खड्डा मात्र राहतोच. सबकडचा किंवा सॉफ्टवेअरमधला एकच कट ठेवा, मॉनिटरच्या पाठीवरचा सपाट करा.

मग पोलॅरिटी, म्हणजे सब आणि मॉनिटर एकाच दिशेने हलतात की उलट. क्रॉसओव्हरच्या, म्हणजे सब आणि मॉनिटर जिथे जोडले जातात त्या, वारंवारतेची साइन वेव्ह हळू आवाजात वाजवा, खुर्चीत बसा, आणि दुसऱ्याला सबचा ०/१८० चा स्विच बदलायला सांगा. ज्या बाजूला आवाज मोठा येतो ती बरोबर. फेजचा फिरता नॉब असेल तर तोही असाच सर्वात मोठ्या आवाजावर थांबवा. सबची लेव्हल सगळ्यात शेवटी.

करेक्शन सॉफ्टवेअर

खोलीचा दोष ईक्यूने भरून काढणारं हे सॉफ्टवेअर. मोजमापासाठी रूम ईक्यू विझार्ड हा प्रोग्राम आणि ओम्नी (सगळ्या दिशांनी सारखं ऐकणारा) माइक यांची जोडी पुरेशी आहे. त्यावरून केलेलं करेक्शन प्लगइन म्हणून मास्टरवर ठेवता येतं, आणि तिथेच घोळ होतो: एक्स्पोर्ट करताना ते बंद करायचं राहतं. खोलीतला १०० हर्ट्झचा फुगवटा ६ डीबीने कापला असेल तर गाण्याच्या फाइलमध्येही १०० हर्ट्झ ६ डीबीने कमी जातं. स्टुडिओत गाणं भरलेलं, बाहेर पोकळ, आणि दर गाण्यात तेच, अशी तक्रार असेल तर पहिला संशय याचाच. खात्रीसाठी करेक्शन बंद करून दुसरी फाइल काढा, दोन्ही एकावर एक ठेवा आणि एकीची पोलॅरिटी उलटवा. पूर्ण शांतता आली तर दोन्ही फाइल सारख्याच; संगीत ऐकू येत राहिलं तर करेक्शन फाइलमध्ये छापलं जातंय. मास्टरऐवजी मॉनिटरिंगच्या वेगळ्या वाटेवर ते बसवता येत असेल तर तिथेच बसवा. सगळ्या सिस्टिमला लागणारं आणि मास्टरवरचं, अशी दोन करेक्शन एकाच वेळी चालू नाहीत हेही बघून घ्या.

करेक्शन चालू केलं की एकूण लेव्हल काही डीबी खाली येते, कारण वाढवलेल्या वारंवारतांसाठी सॉफ्टवेअर वर जागा सोडतं. म्हणून चालू-बंद करून केलेली तुलना फसवी: जे मोठं वाजतं ते चांगलं वाटतं. लेव्हल जुळवूनच तुलना करा, आणि करेक्शन कायम ठेवायचं ठरलं की पिंक नॉइजची मोजणी पुन्हा करा. टेप थोडी सरकेल.

शेवटी प्रत्येक स्विचची जागा फोनवर टिपून ठेवा, दोन्ही पाठींचे फोटो काढा. टेबल हललं, मॉनिटर बदलला किंवा खोलीत मोठं कपाट आलं तरच ही मोजणी परत करायची. आणि हे सगळं बसवल्यावरही एकच बाजू मध्येच खरखरून लेव्हल बदलत असेल, तर वीज बंद करून तिचा ट्रिम पंधरा-वीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. वर्षानुवर्षं एकाच जागी राहिलेल्या पोटेन्शिओमीटरवर गंज किंवा धूळ बसते, ती बऱ्याचदा एवढ्याने निघते. निघाली नाही तर कॉन्टॅक्ट क्लीनर, आणि त्यानेही नाही तर पोटेन्शिओमीटर बदलून घ्या.